यासुताका नाकाताची गाणी: आधी कान, मग डोळे

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. यूट्यूबवर आधी क्यारी पाम्यू पाम्यू या जपानी गायिकेचे ‘पोनपोनपोन’ समोर आले, मग ‘परफ्यूम’ या तीन मुलींच्या गटाची गाणी, आणि दोन्हीकडे निर्माता म्हणून यासुताका नाकाता हेच नाव दिसले. हा माणूस कोण? त्याची गाणी कुठून ऐकायला घ्यावीत? गाणाऱ्यांचा आवाज इतका यंत्रासारखा का? आणि जपानी येत नसेल तर यातून हाती काय लागणार?

मी गाण्यांचे संयोजन आणि मिक्सिंग करतो. नाकाताची गाणी मला आवडतात म्हणून ऐकतोच, पण मिक्सिंग शिकायला येणाऱ्या मुलांनाही त्यातली दोन-तीन हमखास ऐकवतो. उत्तराची सुरुवात आवाजापासून करतो, कारण ती गाठ सुटली की बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

आपले कान भाव शोधत गाणे ऐकतात. गायकाने शब्द कसा उच्चारला, मुरकी कुठे घेतली, श्वास कुठे सोडला, यावर आपण दाद देतो. नाकाता हे सगळे जाणूनबुजून बाजूला ठेवतो. परफ्यूमच्या तिघी, म्हणजे आ-चान, कशियुका आणि नोच्ची, छोट्या खोलीत बसून, आवाज न चढवता, जवळपास बोलल्यासारख्या गातात. मग तो आवाज सॉफ्टवेअरने सुरावर घट्ट बसवला जातो, त्यावर त्याच ओळीचे आणखी टेक, म्हणजे पुन्हा गाऊन मुद्रित केलेले आवाज, चढवले जातात, आणि शेवटी जे उरते ते सिंथेसायझरच्या शेजारी सिंथेसायझरसारखेच उभे राहते. या तिघी हिरोशिमातल्या ॲक्टर्स स्कूलमध्ये रीतसर गायला शिकलेल्या होत्या. गाता न येणाऱ्यांना ऑटोट्यूनने, म्हणजे सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने, सावरून घेतले, हा समज म्हणूनच साफ चुकीचा आहे. गाता येणाऱ्यांकडून कमी गाऊन घेणे, हा संगीतकाराचा निर्णय आहे.

तो निर्णय कशासाठी? माझे मत असे आहे की नाकाताच्या उत्तम गाण्यांत भावाची जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. ती जागा नाच भरतो, चेहरा भरतो, दिग्दर्शकाचे चित्र भरते आणि शेवटी ऐकणारा भरतो. त्यामुळे त्याच्या कामात व्हिडिओ ही जाहिरातीपुरती जोडलेली वस्तू नाही, गाण्याचा उरलेला अर्धा भाग तिथे आहे. पण तो अर्धा भाग नेमका काय भरून काढतो हे कळायला पहिला अर्धा भाग एकटा ऐकलेला असावा लागतो. म्हणून माझा आग्रह आहे: आधी डोळे मिटून हेडफोनवर गाणे, मग व्हिडिओ, मग पुन्हा नुसते गाणे. तिसऱ्यांदा ऐकताना तोच सपाट आवाज वेगळा लागतो. हे करून पाहाच.

आता माणूस. यासुताका नाकाताचा जन्म १९८० चा, इशिकावा प्रांतातल्या कानाझावा शहरातला. १९९७ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याने तोशिको कोशिजिमा या गायिकेबरोबर ‘कॅप्सूल’ ही जोडी सुरू केली आणि २००१ मध्ये त्यांचे पहिले गाणे बाजारात आले. गीत, चाल, संयोजन, वाद्ये, मिक्स, सगळे तो स्वतः करतो. आपल्याकडे चाल संगीतकाराची, वाद्यमेळ संगीत संयोजकाचा आणि मुद्रण ध्वनिमुद्रकाचे अशी कामांची वाटणी पूर्वापार आहे, आणि त्या वाटणीचे स्वतःचे फायदे आहेत. नाकाताच्या बाबतीत सगळे एकाच डोक्यातून येते. किक ड्रम, म्हणजे ठेक्याचा खालचा जाड ठोका, किती जाड असावा हे ठरवणारा आणि कडव्यात कुठला शब्द असावा हे ठरवणारा माणूस एकच. शब्द निवडतानाही तो त्याचा ठोका कसा पडेल हे ऐकत असतो, असे गाणी ऐकताना सतत जाणवते.

पहिले गाणे कुठले, असे विचाराल तर मी ‘पॉलिरिदम’ सांगेन. परफ्यूमचे हे गाणे सप्टेंबर २००७ मध्ये आले. त्याआधी एनएचके ही जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था आणि तिथल्या सार्वजनिक जाहिरात संस्थेच्या पुनर्वापर मोहिमेत ते वाजत होते आणि तिथूनच हा गट देशभर पोचला. पुढे २०११ च्या ‘कार्स २’ या पिक्सारच्या चित्रपटातही ते वापरले गेले. पण माझ्या दृष्टीने या गाण्याचे मोठेपण त्याच्या मधल्या भागात आहे. तिथे चाल थांबते आणि शब्दांचे तुकडे गोल गोल फिरू लागतात. चारचा ठेका असलेल्या गाण्यात पाचांचे आणि सहांचे गट एकाच वेळी चालू होतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सीडी अडकल्यासारखे वाटते.

तबला ऐकणाऱ्या मराठी माणसाला इथे जपानी ऐकणाऱ्यापेक्षाही आधी दार उघडते, असे मला ठामपणे वाटते. एकल वादनात वादक तीनतालावर खंड जातीची, म्हणजे पाचांच्या बांधणीची रचना धरतो तेव्हा आपण हाताने ताल धरून बसतो आणि समेची वाट पाहतो. इथेही तेच करा. मूळ आठांचा (चार ठोक्यांचे आठ अर्धे) हिशेब मनात चालू ठेवा आणि वरचे तुकडे पाचपाचने मोजा. आठांवर पाच ठेवले की दोन्ही पुन्हा एकत्र येतात ते चाळीस मोजल्यावर, आणि सहांचा गट भेटतो चोविसावर. लय बदललेली नाही, वेग तोच आहे, फक्त वजन सरकत गेले आहे. आणि सगळे पुन्हा एका जागी येऊन मूळ चाल परत सुरू होते तेव्हा जे समाधान मिळते ते समेवर आल्याचेच असते. नाचायला लावणाऱ्या, दूरदर्शनवरच्या जाहिरातीत वाजणाऱ्या गाण्याच्या पोटात हे बसवण्याचे धाडस मला आजही थक्क करते.

‘पॉलिरिदम’ कानात बसले की मागे जा. नाकाता २००३ पासून परफ्यूमसाठी लिहीत होता. २००५ चे ‘लिनियर मोटर गर्ल’ आणि २००६ ची ‘कॉम्प्युटर सिटी’ व ‘इलेक्ट्रो वर्ल्ड’ ही तीन गाणी सलग ऐका. यंत्रांचे शहर, खोटे आकाश, आणि त्यात अडकलेले खरे काहीतरी, असा एक सूर तिन्हींत आहे. यंत्रासारखा आवाज इथे गाण्याच्या विषयाशी जुळतो. त्यामागे जपानची स्वतःची परंपरा आहे: १९७८ मध्ये हारुओमी होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांनी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा काढला आणि तेव्हापासून तिथे ‘टेक्नोपॉप’, म्हणजे सिंथेसायझरवर उभे असलेले पॉप, हा शब्द घराघरात गेला. परफ्यूमलाही त्याच नावाने ओळखले गेले.

मग २००८ चा ‘गेम’ हा अल्बम. माझ्याकडून एकच अल्बम मागितलात तर हाच देईन. ओरिकॉन या जपानच्या विक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला, आणि त्याच वर्षी ‘लव्ह द वर्ल्ड’ हे त्यांचे पहिल्या क्रमांकावर गेलेले एकल गाणे आले. ‘गेम’मध्ये बेस आणि किकचे नाते नीट ऐका. किक पडते त्या क्षणी बाकी सगळे स्वर जरा दबतात आणि लगेच वर उसळतात. मिक्सिंगमध्ये याला साइडचेन म्हणतात. क्लबच्या संगीतात ही युक्ती सर्रास वापरतात, पण नाकाता ती चालीच्या सेवेला लावतो: किकमुळे पडलेल्या त्या बारीक फटींत आवाजाची अक्षरे येऊन बसतात. म्हणून गाणे कितीही भरगच्च असले तरी तिघींचा शब्द बुजत नाही. आवाजाची पातळी मात्र सगळीकडे चढी आहे. हेडफोनवर पूर्ण अल्बम ऐकणार असाल तर व्हॉल्यूम नेहमीपेक्षा खाली ठेवा, नाहीतर पाचव्या गाण्याला कान थकतात आणि दोष गाण्याला लागतो. त्यातच ‘मॅकरोनी’ नावाचे एक हळू गाणे आहे. नाकाताला फक्त ठोके जमतात असे कुणी म्हटले की मी तेच लावतो.

परफ्यूमच्या व्हिडिओंकडे वळण्याआधी एक नाव लक्षात ठेवा: मिकिको. परफ्यूमचा नाच ती बसवत आली आहे, अगदी हिरोशिमाच्या दिवसांपासून. तिघी क्वचितच एकसारखे करतात. एकीचा हात जिथे संपतो तिथून दुसरीची मान वळते, आणि तिघींची मिळून एक आकृती होते. उंच टाचांच्या बुटांत, पाय फार न उचलता, मनगट आणि बोटांच्या कोनांत सगळे सांगितले जाते. आवाजातून काढून ठेवलेला भाव इथे सापडतो. म्हणूनच मी व्हिडिओइतकीच प्रत्यक्ष कार्यक्रमांची चित्रणे पाहायला सांगतो, कारण तिथे कॅमेरा लांब जातो आणि तिघींमधले अंतर दिसते.

सुरुवातीचे बरेचसे व्हिडिओ काझुआकी सेकी या दिग्दर्शकाचे आहेत. पुढच्या काळातले युसुके तानाकाचे काम मला विशेष आवडते. २०१२ च्या ‘स्प्रिंग ऑफ लाइफ’मध्ये तिघी विजेच्या तारांना जोडलेल्या यंत्रमानव आहेत, आणि स्वतःच्या जिवावर हलण्याची त्यांची धडपड हीच व्हिडिओची गोष्ट. आधी फक्त गाणे ऐकलेत तर ते झकपक नाचगाणे वाटेल, पण व्हिडिओ पाहिल्यावर त्या उत्साहाखाली एक ओढ ऐकू येऊ लागते. त्याच वर्षीच्या ‘स्पेंडिंग ऑल माय टाइम’मध्ये एका बंद खोलीत विचित्र शक्ती असलेल्या तीन मुली आहेत. गाण्याचे शब्द जवळजवळ सगळे इंग्रजी आणि पुन्हा पुन्हा तेच. पुनरावृत्ती आणि बंदिस्तपणा यांची सांगड दिग्दर्शकाने घातली, ती ऐकताना एकट्याने सुचली नसती.

इथे आणखी एक माणूस येतो, दाइतो मानाबे. त्याची ऱ्हायझोमॅटिक्स ही संस्था २०१० च्या टोकियो डोममधल्या कार्यक्रमापासून परफ्यूमच्या रंगमंचाची तांत्रिक बाजू पाहू लागली. २०१२ मध्ये त्यांनी तिघींच्या नाचाची हालचाल नोंदवून ती माहिती आणि सोबत एक गाणे सगळ्या जगाला फुकट वापरायला दिले. कुणीही ती घेऊन संगणकावर स्वतःची चित्रे करावीत, आणि लोकांनी ती भरभरून केली. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या कान येथील जाहिरात महोत्सवात तिघी नाचत असताना त्यांच्या हलत्या कपड्यांवर प्रकाशचित्रे अचूक पडत राहतात, ते चित्रण जरूर शोधून पाहा. नाकाताची तालाच्या जाळीवर अचूक बसणारी गाणी, मिकिकोची अचूक हालचाल आणि मानाबेचे यंत्र, या तिघांची भाषा एकच असल्यामुळे हे जमले. गायक मनाला येईल तिथे लय ओढणारा असता तर ही इमारत उभी राहिली नसती.

आता ‘पोनपोनपोन’, जिथून तुमची सुरुवात झाली. हा व्हिडिओ जुलै २०११ चा, क्यारी तेव्हा अठरा वर्षांची. ती हाराजुकू या टोकियोच्या भागातल्या फॅशनविश्वातून आलेली. दिग्दर्शक जुन तामुकाई, आणि ती खेळण्यांनी, रंगांनी ओसंडून वाहणारी खोली उभी केली सेबास्टियन मासुदा याने. मासुदाचे हाराजुकूमध्ये १९९५ पासून दुकान आहे आणि भडक रंग हे त्याच्यासाठी बंडाचे साधन आहे. त्या गोड गुलाबी पसाऱ्यातच डोळ्यांची बुबुळे आणि मेंदू तरंगतात, मागे चेहरा न दिसणारी एक नर्तकी नाचते. गोड आणि किळसवाणे एकाच ताटात वाढलेले. व्हिडिओ इतका जबरदस्त आहे की गाण्याकडे कुणाचे लक्षच जात नाही, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

कारण ते गाणे फार शहाणे आहे. जपानी संगीतात मेइजी काळापासून (१८६८ ते १९१२) शाळेच्या गाण्यांत रुजलेले एक पाच स्वरांचे सप्तक आहे, ज्यात चौथा आणि सातवा स्वर वगळतात. मध्यम आणि निषाद काढले की सा रे ग प ध उरतात, म्हणजे आपल्या भूपाचे स्वर. क्यारीसाठी नाकाताने लिहिलेल्या अनेक चाली याच वळणाने जातात. म्हणून त्या लहान मुलांच्या गाण्यांसारख्या लगेच तोंडात बसतात, आणि म्हणून आपल्यालाही त्या परक्या वाटत नाहीत. राग म्हणून भूप ज्या चलनाने उलगडतो ते यात नाही, स्वर तेवढे तेच. पण पेटीवर वाजवून पाहा, बोटे आपोआप रस्ता काढतात. पुढे ‘त्सुकेमात्सुकेरू’, ‘फॅशन मॉन्स्टर’ आणि २०१३ चे ‘निंजा री बँग बँग’ ऐका. शेवटच्यात तर जपानी वळण अगदी उघड समोर ठेवले आहे. परफ्यूममध्ये यंत्र झालेला आवाज इथे बाहुली होतो, पण भावाची जागा रिकामी ठेवण्याची रीत तीच.

कॅप्सूल मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण तिथे नाकाता कुणासाठीही लिहीत नाही, स्वतःसाठी लिहितो. सुरुवातीचे अल्बम हलकेफुलके, साठच्या दशकातल्या युरोपीय गाण्यांची आठवण करून देणारे आहेत. जपानमध्ये पिझिकाटो फाइव्हसारख्या गटांनी हा शिबुया शैलीचा (टोकियोच्या शिबुया भागावरून पडलेले नाव) रस्ता आधीच पाडला होता. या काळातले तीन व्हिडिओ मला अतिशय प्रिय आहेत: ‘पोर्टेबल एअरपोर्ट’, ‘स्पेस स्टेशन नंबर नाइन’ आणि ‘अ फ्लाइंग सिटी प्लॅन’. ते २००४-०५ च्या सुमारास घिबली या जपानी ॲनिमेशन संस्थेच्या स्टुडिओ काजिनो या शाखेने केले आणि दिग्दर्शन घिबलीतले जुनेजाणते अॅनिमेटर योशियुकी मोमोसे यांचे. विमाने, अंतराळ आणि साठच्या दशकातल्या माणसांनी स्वप्नात पाहिलेले भविष्य, असा त्यांचा थाट आहे. घिबलीचे चित्रपट पाहून वाढलेल्या कुणालाही नाकाता ऐकवायचा असेल तर मी या तिघांपासून सुरुवात करून देतो.

मग २००६ मध्ये ‘फ्रूट्स क्लिपर’ आला आणि कॅप्सूलचा सूर एकदम बदलला: खरखरीत बेस, जाड किक, क्लबचा अंधार. २००८ चा ‘मोर! मोर! मोर!’ त्याच रस्त्यावरचा. हा बदल आधी कॅप्सूलमध्ये झाला आणि परफ्यूमच्या गाण्यांत मागून उतरला, हे तारखांच्या क्रमाने ऐकले की स्पष्ट दिसते. कॅप्सूल ही त्याची प्रयोगशाळा. २०१५ नंतर मोठा खंड पडून २०२२ मध्ये ‘मेट्रो पल्स’ आला, त्यात ऐंशीच्या दशकाचा गंध आहे. घाई नसेल तर नंतर ऐका.

भाषेचे म्हणाल तर पहिल्या फेरीत अनुवाद शोधू नका. शब्दांची टोके ठेक्यावर कुठे पडतात ते ऐका. परफ्यूमच्या जुन्या गाण्यांचे अर्थ मात्र दुसऱ्या फेरीत नक्की वाचा, त्यांतला एकटेपणा आवाजातून कधीच कळणार नाही.

शेवटी एक गाणे, जे वर सांगितलेल्या सगळ्याला आव्हान देते. २०२२ च्या ‘वन पीस फिल्म: रेड’ या चित्रपटासाठी नाकाताने ‘शिन जिदाई’ लिहिले आणि ते आदो या गायिकेने गायले. आदोचा आवाज म्हणजे पूर्ण उघडा गळा: दबलेली फुंकर, मग फाटेल असा तार सप्तक, शब्दाशब्दाला रंग. भाव काढून घेण्याची सवय असलेल्या संगीतकारासमोर भावानेच ओतप्रोत आवाज आला. ‘पॉलिरिदम’ आणि हे गाणे एकामागोमाग लावा. नाकाताचे सिंथ तसेच चमकदार आहेत, ठेका तसाच नेमका आहे, पण आवाज इथे वाद्यांच्या ओळीत उभा नाही, पुढे आला आहे. टेकवर टेक चढवून त्याला एकसंध करण्याचा हट्ट सोडलेला स्पष्ट ऐकू येतो. मी हे गाणे परफ्यूम आणि क्यारी पुरती कानात मुरल्यावरच ऐकायला सांगतो, कारण त्याने काय सोडले हे कळायला त्याने इतकी वर्षे काय धरून ठेवले होते ते माहीत असावे लागते.